जाणतेपणी घेतलेला घास

अजाणता दिलेला शब्द देणाऱ्याला बांधतो की नाही, या प्रश्नावर थोरामोठ्यांनी पुष्कळ विचार केला आहे. बहुतेकांचा कौल असा, की जे मनात नव्हते त्याचे ओझे कोणाच्या माथी मारू नये. ते योग्यच आहे. परंतु अशा शब्दाला दुसरी बाजूही असते. ज्या व्यक्तीने तो खरा मानला, आणि उत्तरादाखल आपले सारे मन ओंजळीत धरून पुढे केले, तिने काय करावे? ओंजळ मागे घ्यावी? पदराआड लपवावी? की पुढे केली तशीच, ताठ मानेने धरून ठेवावी? अंकाराकडच्या पठारावरच्या आमच्या सारीदिबेक गावात एका मुलीने याचे उत्तर दिले. ते सांगताना गावातल्या म्हाताऱ्यांची छाती आजही किंचित पुढे येते.

ऑगस्ट सरत आला होता. सूर्यफुलांनी माना खाली घातल्या होत्या, आणि पठारावरच्या वाऱ्याला कापलेल्या गव्हाच्या काडाचा कोरडा, गोडसर वास होता. जिल्ह्याहून येणारी मिनीबस फाट्यावर थांबली आणि एका तरुणाला उतरवून धुरळा उडवीत निघून गेली. धुरळा खाली बसला तेव्हा त्याला समोर पाण्याचे दगडी टाके दिसले, टाक्यात तोंड घातलेला एक पांढरा घोडा दिसला, आणि घोड्याच्या मानेवर हात टेकून उभी असलेली एक मुलगी दिसली.

"ऐका ना... सारीदिबेक इकडेच ना?"

"इकडेच." मुलीने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "कुणाकडे आलात?"

"कुणाकडे असं नाही. एका दगडाकडे."

आता मात्र तिने पाहिले. "दगडाकडे! आमच्या गावात माणसंही राहतात हो. लोक आल्यावर आधी त्यांना भेटतात."

तरुण ओशाळला. "तसं नाही. मी कोराय. अंकाराच्या एका संग्रहालयातून आलोय. तुमच्याकडे जुनं सेतेन आहे ना... ते मोठं उभं दगडी चाक, घोडा जुंपून गोल फिरवायचं, उकडलेल्या गव्हाचा कोंडा काढायचं? ते बघायचंय. आणि जमलं तर... न्यायचंय."

"न्यायचंय?"

"म्हणजे जपायला. अंगणात मानानं ठेवू. लोक येऊन बघतील."

"संग्रहालयात मेलेल्या वस्तू ठेवतात ना?"

"बहुतेक वेळा."

"मग तुम्हाला थांबावं लागेल," ती म्हणाली. "आमचा दगड अजून मेलेला नाही. चार दिवसांत फिरू लागेल. आणि तो ओढणारा हा पाशा. विचारा त्याला, येतोस का म्हणावं अंकाराला."

कोरायने हातातली पिशवी खाली ठेवली, घोड्यासमोर अदबीने वाकला आणि विचारले, "काय हो पाशासाहेब, येता का?"

घोड्याने मान झटकली. त्याच्या तोंडावरचे सारे पाणी कोरायच्या शहरी सदऱ्यावर उडाले.

"नाही म्हणाला."

"शिंकला तो."

"आमच्याकडे नाही असंच म्हणतात." आणि मग हसू दाबता दाबता ती हसलीच. मोकळी, खळाळून. "चला, वाट दाखवते. पण पाशाच्या मागं चालू नका. त्याला शहरातली माणसं नवी आहेत."

"आणि पाशाच्या मालकिणीचं नाव?"

"ते गावात कुणीही सांगेल," ती म्हणाली, आणि पुढे चालू लागली.

गावात खरोखरच कोणीही सांगितले असते. शेहरिबान ही दुर्मुशआगांची एकुलती मुलगी. सेतेन पिढ्यान्‌पिढ्या त्या घराकडे होते. गावातल्या प्रत्येक घराचा वर्षभराचा गहू त्या दगडाखालून जात असे. बाजारात पिशवीबंद बुलगुर, म्हणजे उकडून, वाळवून भरडलेला गहू, मिळतो हे सारीदिबेकला ठाऊक होते, पण ती पिशवी घेऊन गावात शिरण्याची छाती कोणाला झाली नव्हती. शेहरिबानची आई ती लहान असतानाच गेली. दुर्मुशआगांची थोरली बहीण पेंबेआत्या हिने तिला वाढवले. ही आत्या जिभेने तिखट आणि हाताने उदार होती, आणि पाहुण्याला तिसऱ्यांदा वाढताना "नको" हा शब्द तिला ऐकू येत नसे. आल्या पाहुण्याला आमच्याकडे दुसरे घर शोधावे लागत नाही. कोरायला दुर्मुशआगांच्या माडीवरची खोली मिळाली.

दुसऱ्या दिवशी गल्लीत चुली पेटल्या. तांब्याच्या प्रचंड कढयांत गहू उकडू लागला, वाफेने अंगणे भरून गेली, आणि बायका लांब लाकडी उलथन्यांनी तो आळीपाळीने ढवळू लागल्या. कोराय वही-पेन्सिल घेऊन दगडाची मापे काढायला निघाला होता. पेंबेआत्याने त्याच्या हातातली वही काढून घेतली आणि उलथने दिले.

"दगड कुठं पळत नाही. ढवळ."

त्याने बाह्या सावरल्या. थोड्याच वेळात त्याचा चेहरा टोमॅटोसारखा झाला.

"पाहुणे," शेहरिबान कढईच्या पलीकडून म्हणाली, "गहू ढवळायचाय. कणकेसारखा तिंबायचा नाहीये."

"मग दाखवा ना कसं ते."

"दाखवलं असतं. पण तुमची फजिती बघायला गंमत येतेय."

वाफेतून दोघांना एकमेकांचा चेहरा नीट दिसत नव्हता. दिसे, विरे, पुन्हा दिसे. आणि का कोण जाणे, प्रत्येक वेळी दोघांची नजर नेमकी तिथेच असे.

"अंकाराला घरी कोण असतं?" तिने विचारले.

"कुणीच नाही. आईवडील लवकर गेले. वसतिगृहात वाढलो. म्हणूनच बहुधा जुन्या वस्तू आवडतात... दुसऱ्यांच्या घरातल्या."

तिने उकडलेल्या गव्हाचा वाडगा भरला, त्यावर साखर आणि अक्रोड घातले आणि कढईला वळसा घालून त्याच्या हाती दिला. "हेदिक म्हणतात याला. पहिला वाडगा पाहुण्याचा. आणि हो, कितीही लाड आले तरी पाशाला यातलं देऊ नका. ओल्या गव्हानं त्याचं पोट फुगतं. जिवावर बेततं."

"लक्षात ठेवीन."

"बघू."

त्याने लक्षात ठेवले. सारी कथा त्यातूनच घडली.

पुढले दिवस उन्हात गेले. छपरांवर, गोधड्यांवर, गल्लीत पसरलेल्या चादरींवर गहू वाळत होता. मग सेतेन फिरू लागले. पाशा संथपणे गोल चाले, त्याच्यामागे शेहरिबान हातात केरसुणी घेऊन चाले आणि दगडाखालून बाहेर सरकणारा गहू पुन्हा आत लोटी. कोराय कठड्यावर बसून पाही. त्याच्या वहीत दगडाची उंची होती, जाडी होती, आणि एका कोपऱ्यात पुसून टाकलेले एक चित्र होते.

"दगडाचं चित्र असं पुसतात का?" तिने एक फेरा घेता घेता विचारले.

"दगडाचं नव्हतं."

ती पुढच्या फेऱ्याला निघून गेली होती. परत समोर येईपर्यंत तिला विचार करायला वेळ मिळाला. आली तेव्हा म्हणाली, "मग पुसायचं नव्हतं..."

आणि पुन्हा निघून गेली.

त्या आठवड्याच्या शेवटी नव्या बुलगुरचे पहिले जेवण झाले. अंगणात जमिनीवर बैठे चौरंग मांडून मध्ये मोठे ताट ठेवले होते. ताटात पुलावाचा वाफाळता ढीग, भोवती दही, कांदा, मिरच्या. दुर्मुशआगा, पेंबेआत्या, शेहरिबान, मदतीला आलेल्या शेजारणी, आणि कोराय. फाटकाकडे तोंड त्या एकट्याचेच होते.

इथे आमची एक रीत सांगितली पाहिजे. सारीदिबेकमध्ये लग्नाचा विषय मुलगा तोंडाने काढत नाही. मुलीच्या घरच्या ताटातल्या पुलावात तो आपला चमचा उभा रोवतो आणि एक शब्द न बोलता उठून जातो. मुलीने तो चमचा उपसून आडवा ठेवला की नकार. त्याच चमच्याने एक घास खाल्ला की होकार. शेहरिबानने आजवर बरेच चमचे आडवे ठेवले होते.

कोरायने मोठा घास तोंडात घातला आणि फाटकाकडे पाहिले. फाटकाबाहेरच्या अक्रोडाच्या झाडाला बांधलेला पाशा सुटला होता. दावे फरपटत तो गल्लीतल्या चादरींकडे निघाला होता. त्या चादरींवर सकाळीच उकडलेला, अजून ओला असलेला गहू होता.

तोंड भरलेले असल्यामुळे त्याला बोलता आले नाही. हातातला चमचा त्याने पुलावाच्या ढिगात खुपसला आणि तो उठून पळाला.

चमचा ताठ उभा होता.

दुर्मुशआगांचा हात ताकाच्या पेल्यापाशी थांबला. पेंबेआत्याने डोक्यावरचा रुमाल सावरला, आणि सगळ्यांची नजर शेहरिबानकडे वळली. तिचे कान तापले. वाफेपलीकडचा चेहरा, पुसलेले चित्र, घोड्यापुढे वाकलेला तो वेडा शहरी माणूस... आणि आमची रीत शिकून घेऊन, तोंडातून शब्द न काढता त्याने टाकलेला हा शब्द! किती मानाने त्याने विचारले, असे तिला वाटले. तिने मान वर केली, चमचा उचलला, त्यात पुलाव भरला आणि सर्वांच्या देखत सावकाश तो घास खाल्ला.

पेंबेआत्याने जिभेने असा काही मंगलध्वनी काढला की अक्रोडावरचे पक्षी उडाले.

चादरींपासून हुसकताच सूर्यफुलांच्या शेतात पळालेल्या पाशाचे दावे पकडून धापा टाकणाऱ्या कोरायला तो आवाज ऐकू आला. गावात कुणाचे तरी लग्न ठरलेले दिसते, असे त्याच्या मनात आले.

पाशाला पुन्हा बांधून तो परतला तेव्हा अंगाला काडीकचरा चिकटला होता. दुर्मुशआगांनी उठून त्याला मिठी मारली. "ये, बाळा."

"एवढं काय त्यात," कोराय संकोचून म्हणाला. "कुणीही केलं असतं."

शेजारणी पोट धरून हसल्या. "ऐकलंत? कुणीही केलं असतं म्हणे!"

"मी तर नुसतं पाहिलं आणि धावलो."

"पोराला लाज बघा कशी आलीय," पेंबेआत्या म्हणाली आणि तिने त्याचा गाल असा ओढला की डोळ्यांत पाणी आले. या गावाचा घोड्यांवर फार जीव आहे, अशी कोरायची खात्री झाली. शेहरिबान खाली मान घालून ताट उचलत होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात जे काही होते ते त्याने त्याआधी कधी पाहिले नव्हते. त्याचे कारण आपणच असावे, एवढे मात्र त्याला कळले.

खरा प्रकार त्याला न्हाव्याच्या दुकानात कळला. अर्धी दाढी झाली होती, अर्ध्या गालावर साबण होता.

"आता पैशांचं नाव काढू नका," न्हावी वस्तरा पुसत म्हणाला. "गावच्या जावयाकडून पैसे घेतले तर बायको मला घरात घेणार नाही."

"जावई? कुणाचा?"

न्हावी हसला. मग कोरायच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचे हसू हळूहळू मावळले. "अहो... तुम्ही चमचा रोवला ना?" आणि मग त्याने सारे सांगितले. चमचा, घास, आत्या, सारे.

आधी कोरायला आनंद झाला, हे सांगितले पाहिजे. इतका, की खुर्चीचे हात त्याने घट्ट धरले. ती हो म्हणाली होती! त्याच्या मागोमाग भीती आली. ती हो म्हणाली होती ती एका अशा माणसाला, ज्याने विचारलेच नव्हते. गप्प राहिले तर सारे सुख त्याचे होते. परंतु चुकून हाती आलेली वस्तू आपली म्हणून ठेवणे त्याला चोरीसारखे वाटले. तो उठला. न्हावी मागून ओरडत राहिला, "अहो, उरलेली अर्धी!"

बाहेर अकस्मात सर आली होती. तापलेल्या मातीतून वाफ निघत होती. सेतेनच्या पत्र्याच्या छपराखाली शेहरिबान चादरी गोळा करीत होती. तिने वळून पाहिले, आणि त्याचा अर्धा साबणाचा चेहरा पाहून तिला हसू आवरेना.

"हे काय! न्हाव्याशी भांडलात?"

"शेहरिबान... मला माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?"

"चमच्याचं."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. ती हसतच होती. मग हसू तिच्या चेहऱ्यावर तसेच राहिले आणि त्यातला जीव निघून गेला.

"त्या दिवशी पाशा सुटला होता म्हणे... पाशामागं धावलात ना तुम्ही," ती हळू म्हणाली. "खरंच... पाशाच्याच मागं?"

"हो. ओला गहू... तुम्हीच सांगितलं होतंत. पण शेहरिबान, मला एवढंच म्हणायचंय की मी..."

"थांबा."

"ऐकून तर घ्या—"

"नाही. पुढचं बोलू नका." तिने चादर छातीशी धरली. "आता जे बोलाल ते मला आज खरं वाटेल. आणि उद्या खोटं वाटेल. जन्मभर स्वतःला विचारत बसेन, हा माझ्यासाठी थांबला की माझी लाज झाकायला? मला कुणाचे उपकार नकोत, पाहुणे. तुमचे तर मुळीच नकोत."

"तुमचे तर मुळीच... म्हणजे?"

तिने चादरीची घडी घातली. मग म्हणाली, "दाढी पुरी करून या. उद्या सकाळी इथं सगळे जमतील. तुम्हीही या."

सकाळी सेतेनभोवती घरोघरीचे गहू आले होते. कठड्यावर म्हातारे बसले होते, बायका पोती सोडत होत्या. गावचा मुख्तार, म्हणजे सरपंच, हाही आला होता. सर्वांच्या चेहऱ्यांवर लग्नघराचा उत्साह होता. शेहरिबानने पाशाला जुंपले, पट्टे तपासले, आणि मग वळून उभी राहिली.

"सगळ्यांनी ऐका," ती म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण पोती सोडणारे हात थांबले. "पाहुण्यांना आपली रीत माहीत नव्हती. चमचा टाकून ते पाशाला वाचवायला धावले. पाशा आज उभा आहे तो त्यांच्यामुळं. त्यांनी मला विचारलं नव्हतं. त्यामुळं ते कशानंही बांधलेले नाहीत. कुणी त्यांना अडवायचं नाही, टोमणा मारायचा नाही, आणि कीव करायला माझ्याकडं यायचं नाही."

"अगं पोरी," पेंबेआत्या कळवळून म्हणाली, "मग सांगून टाक की तुझीही चूकच झाली. तो घास..."

"नाही, आत्या. चूक त्यांची झाली. मी घास खाल्ला तो जाणून खाल्ला. तो मी परत घेत नाही."

कोराय पुढे आला. "मला बोलू द्या..."

"आता नको," ती त्याच्याकडे न वळता म्हणाली. "मी तुम्हाला मोकळं केलंय. मोकळ्या माणसासारखे जा."

आणि तिने पाशाच्या पाठीवर थाप मारली. दगड फिरू लागला.

कठड्यावरचा मुख्तार दुर्मुशआगांच्या कानाशी लागला. "दुर्मुश, गावासमोर असं बोलायला माझ्यासारख्याचे पाय लटपटले असते."

दुर्मुशआगांनी फिरणाऱ्या दगडामागून चालणाऱ्या मुलीकडे पाहिले. त्यांचे डोळे भरले होते, पण मान वर होती. "तिच्या आईचं असंच होतं," ते म्हणाले.

दुपारच्या मिनीबसने कोराय गेला. दगड नेण्याची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही. पेंबेआत्याने त्याला निरोपाचा चहाही दिला नाही. याआधी तिने असे कोणाशी केले नव्हते.

शरद गेला, हिमवर्षाव झाला. शेहरिबान पूर्वीसारखी पाण्याला जाई, बाजारात जाई, आणि तिला पाहून कुजबुज करण्याचे धाडस कोणाला होत नसे. उलट बायका आपल्या मुलींना कोपराने ढोसून म्हणत, "बघ, चालते कशी." घरात मात्र आत्या रोज तोच विषय काढी.

"विसर त्या वेंधळ्याला. किती दिवस अशी..."

"घास पोटात गेला, आत्या. आता कुठून परत आणू?" ती हसून म्हणे. मग शेगडीत लाकूड सारायच्या निमित्ताने तोंड फिरवी.

मार्च उजाडला. बर्फ वितळून रस्त्यांचा चिखल झाला होता. एके दिवशी दुपारी दुर्मुशआगांच्या ओसरीत कोणी तरी बूट काढले. गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले रबरी बूट होते. मुख्तार शेगडीपाशी बसला होता. त्यानेच दार उघडले, आणि दारातला माणूस पाहून तो बाजूला झाला.

कोराय आत आला. दुर्मुशआगांच्या हाताला त्याने ओठ लावले, कपाळ लावले, आणि समोरच्या भिंतीशी असलेल्या बैठकीवर एकटा बसला. शेहरिबान चहाचे तबक घेऊन दारात आली होती. पेले किणकिणले आणि मग शांत झाले.

"आगा," कोराय म्हणाला, "मी जिल्ह्याच्या शाळेत इतिहास शिकवायला लागलोय. संग्रहालय सोडलं. सेतेनशेजारी राहायचं ठरवलंय."

"सेतेनशेजारी?" मुख्तारने भुवया उंचावल्या.

"सेतेनच्या..." त्याने दाराकडे पाहिले, "मालकिणीशेजारी. तिला मागायला आलोय. या खेपेला जाणून आलोय."

दुर्मुशआगांनी शेगडीतले लाकूड सारखे केले. "पोरा," ते म्हणाले, "तू खरा माणूस आहेस. पण मुलगी मागायला मुलाकडचं थोरलं माणूस यावं लागतं. माझ्यासमोर बसून त्यानं शब्द टाकायचा आणि तुझ्यासाठी जबाबदार राहायचं. एकदा रीत न कळून घोटाळा झाला. आता रीत मोडून मी मुलगी देणार नाही. तुझ्या बाजूनं कोण बोलणार?"

कोरायने आजूबाजूला पाहिले. त्याच्या बाजूची बैठक मोकळी होती. "माझं असं... कुणी नाही," तो म्हणाला. ते म्हणताना त्याने मान मात्र खाली घातली नाही.

मुख्तार छताकडे पाहू लागला. जे मोकळेपणी चालत आले होते ते एका रिकाम्या बैठकीवर अडणार होते, आणि रीतीप्रमाणे त्यावर शेहरिबानने काही बोलायचे नव्हते.

पेंबेआत्या भावाशेजारी बसली होती. तिने गुडघ्यावर हात टेकला, कण्हत उठली आणि खोली ओलांडून कोरायच्या शेजारी जाऊन बसली. रुमाल सारखा केला. मग भावाकडे अशा काही नजरेने पाहिले, जणू हा गृहस्थ तिला आजच भेटत होता.

"दुर्मुशआगा," ती म्हणाली, "आम्ही मुलाकडचे."

"ताई... तू?"

"तू नाही, तुम्ही. परक्या बाईशी असं बोलतात का? आम्ही फार लांबून आलोय. वाटेत चिखल किती! अल्लाच्या आज्ञेनं तुमची शेहरिबान आमच्या कोरायसाठी मागते. मुलगा जरा वेंधळा आहे. समोर घोडा दिसला की त्याला बाकी काही दिसत नाही. पण खोटं बोलत नाही. अर्धी दाढी घेऊन खरं सांगायला धावणारा जावई दुसरीकडं सापडला तर मला कळवा. याच्यासाठी मी जबाबदार. पुढं काही कमी पडलं तर माझ्याकडं यायचं."

कोरायने तिच्याकडे पाहिले. वसतिगृहातल्या त्या साऱ्या वर्षांत आपल्यासाठी कोणी असे उठून आलेले त्याला आठवत नव्हते. तिने न पाहताच त्याच्या हातावर हात ठेवला आणि घट्ट दाबला.

दुर्मुशआगांनी घसा साफ केला. "मुलीला विचारलं पाहिजे."

"विचारा. आम्हाला घाई नाही," आत्या म्हणाली. तिच्याइतकी घाई त्या खोलीत दुसऱ्या कोणालाही नव्हती.

शेहरिबानने तबक खाली ठेवले आणि ती सरळ कोरायसमोर उभी राहिली. "पाहुणे, तुम्हाला कुणी बोलावलं?"

"कुणीच नाही."

"कुणी काही बोललं? लाज वाटली? वाईट वाटलं माझं?"

"वाईट वाटलं ते माझंच. तुम्ही मला मोकळं केलंत ना, मग मी मोकळ्या माणसानं फिरावं तसं फिरून बघितलं. अंकाराभर फिरलो. आणि प्रत्येक रस्ता..." तो अडखळला, "नको तितक्या लवकर या फाट्यावर येऊन पोचायचा."

"मग एवढे महिने का लावले?"

"सगळ्यांना विसर पडू द्यायचा होता. म्हणजे मग मी आलो तो माझ्या एकट्याच्या आठवणीनं, हे तुम्हाला कळलं असतं."

"गाव विसरलंही असेल," ती म्हणाली. तिच्या गालांवर शेगडीची ऊब चढली होती, पण आवाज त्या सकाळच्यासारखाच स्वच्छ होता. "बाबा, मी माझं उत्तर कधीच दिलंय. ते बदललेलं नाही. फक्त प्रश्न यायचा राहिला होता."

दुर्मुशआगांनी हात पुढे केला. मुख्तारने उगीचच नाक शिंकरले. पेंबेआत्या दोघांच्या मध्ये उभी राहिली, दोघांची डोकी तिने आपल्या खांद्यांशी ओढून धरली, आणि आता ती कोणाकडची हे तिचे तिलाही सांगता आले नसते. "सुखात राहा, लेकरांनो," ती पुटपुटली. "तुमच्या घरी कधी कुणाला एकट्यानं चहा प्यायची वेळ न येवो."

ज्यांनी एकमेकांना आधी मोकळे केले आणि मग मोकळ्या मनाने निवडले, त्यांच्या अंगणात ऊन उदंड पडो, त्यांचे बोलणे एकमेकांना सदैव खरे वाटो, आणि त्यांच्या शेजारची जागा कधी रिकामी न राहो.